परक्या भिंतीवरची रशियन चित्रं

१९६५ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत ऑस्कर राबिन या मॉस्कोच्या चित्रकाराचं प्रदर्शन भरलं, तेव्हा राबिन स्वतः तिथे नव्हता. त्याला देशाबाहेर पडू देण्याचा प्रश्नच नव्हता. सोव्हिएत संघातल्या अनधिकृत चित्रकाराचं पश्चिमेत भरलेलं पहिलं एकल प्रदर्शन अशी त्याची नोंद केली जाते. पुढच्याच वर्षी त्याच गॅलरीच्या भिंतींवर गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सुझाची काळ्यावर काळ्या रंगाने काढलेली चित्रं लागली. सुझाला बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतला म्हणून जे. जे. कलाशाळेतून काढलं होतं. १९४९ मध्ये मुंबईतल्या प्रदर्शनातून त्याचं नग्न आत्मचित्र उतरवलं गेलं आणि त्याच वर्षी त्याने लंडन गाठलं. दोन्ही चित्रकारांना भिंत देणारा गॅलरीवाला एकच, एरिक एस्टोरिक.

सुझावर लिहिणारे समीक्षक त्याच्या रेघेबद्दल लिहितात, त्या रेघेतल्या हिंस्रपणाबद्दल, चर्चमध्ये पाहिलेल्या रक्तबंबाळ ख्रिस्ताबद्दल लिहितात. राबिनवर लिहिणारे मात्र बहुतेक वेळा मॉस्कोच्या पोलिसांवर लिहितात. रशियन भूमिगत कलेची परदेशात जी प्रदर्शनं भरली, त्यांचा साठेक वर्षांचा इतिहास वाचताना हेच सारखं खुपत राहतं. पाहणाऱ्याने चित्रकाराच्या धैर्याला दाद दिली आणि चित्र पाहायचं राहून गेलं.

राबिनने काढलं तरी काय? मॉस्कोच्या कडेला लिआनोझोवोत तो एका बराकीत राहत असे. पूर्वी तिथे छावणीतल्या कैद्यांना ठेवत. रविवारी त्याच्या खोलीचं दार उघडं असे. कोणीही यावं, चित्रं पाहावीत, गेन्रिख सापगीर आणि इगोर खोलिन यांच्या कविता ऐकाव्यात. त्याच्या चित्रांत चिखल, कलंडलेली घरं, वर्तमानपत्रावर ठेवलेला खारा मासा, व्होडकाची बाटली आणि करड्या-तपकिरी रंगाचे जाड थर असतात. घोषणा कुठेच नाही. राज्यकर्त्यांना झोंबला तो त्या रंगांचा उदासपणा. सरकारमान्य चित्रांत आकाश नेहमी मोकळं आणि शेत नेहमी पिकलेलं असे. राबिनच्या चित्रात थंडी हटत नाही आणि मासा वर्तमानपत्रावरच्या मोठ्या बातमीपेक्षा मोठा दिसतो. नजरेचं हे प्रमाण बिघडवणं ही त्याची खरी कामगिरी आहे.

मी हे बंगळुरूत बसून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. या शहराच्या भिंतींवरही रशियन चित्रं आहेत. कुमारकृपा रस्त्यावरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत निकोलाय रोरिक आणि त्यांचा धाकटा मुलगा स्वेतोस्लाव, दोघांचीही चित्रं पाहता येतात. बाप १८७४ चा, मुलगा १९०४ चा, दोघेही सेंट पीटर्सबर्गचे. क्रांतीनंतर देशाबाहेर पडलेलं हे कुटुंब १९२३ च्या अखेरीस मुंबईत उतरलं आणि पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला स्थिरावलं. १९४५ मध्ये स्वेतोस्लावने देविका राणींशी लग्न केलं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची पडद्यावरची आणि पडद्यामागचीही ती मालकीण. दादासाहेब फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो तिलाच. दोघांनी कनकपुरा रस्त्यावर ताटगुणीला मोठी इस्टेट घेतली, अत्तरासाठी तेल देणारी लिनालोची झाडं लावली आणि आयुष्याचा उत्तरार्ध तिथे काढला.

स्वेतोस्लाव भूमिगत चित्रकार कधीच नव्हता. तरीही भूमिगतांची गोष्ट त्याच्याशिवाय मला अर्धी वाटते. मे १९६० मध्ये मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं आणि नंतर ते लेनिनग्राडच्या हर्मिटाजमध्ये गेलं. तो काळ ध्यानात घ्यायला हवा. स्टालिन जाऊन सात वर्षं झाली होती. याच पुश्किन संग्रहालयात १९५६ मध्ये पिकासो दाखवला गेला होता. १९५७ च्या युवक महोत्सवात मॉस्कोच्या तरुणांनी परदेशी अमूर्त चित्रं पहिल्यांदा जवळून पाहिली होती. अशा वेळी पेटत्या केशरी-जांभळ्या रंगांची, देवदूतांची, हिमालयाची, गूढ अर्थांनी भारलेली चित्रं घेऊन एक माणूस आला आणि सरकारी संग्रहालयाने दारं उघडली. राबिन काही मैलांवर बराकीत रंग कालवत होता. दोन वर्षांनी, १ डिसेंबर १९६२ रोजी, मानेझच्या प्रदर्शनात ख्रुश्चेव्ह तरुण चित्रकारांवर संतापले आणि शिल्पकार एर्न्स्ट नेइझ्वेस्तनी त्यांच्याशी तोंडावर भांडला. (ख्रुश्चेव्ह यांच्या थडग्यावरचं शिल्प पुढे त्याच नेइझ्वेस्तनीने घडवलं.) घरच्या चित्रकाराला जे नाकारलं, ते भारतातून आलेल्या रशियनाला का चाललं? तो मित्रराष्ट्राचा पाहुणा होता म्हणून. नेहरू आणि इंदिरा गांधी १९४२ मध्ये नग्गरला रोरिकांकडे राहून आले होते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातलं नेहरूंचं चित्र स्वेतोस्लावनेच काढलेलं आहे. जे तो मॉस्कोत राहून काढता तर कपाटात लपवावं लागलं असतं, ते परदेशी शिक्क्यामुळे राजमार्गाने आत गेलं.

हा विरोधाभास १९७४ मध्ये टोकाला गेला. त्या वर्षी निकोलाय रोरिक यांची जन्मशताब्दी मॉस्कोत सरकारी इतमामात साजरी झाली. त्याच मॉस्कोत १५ सप्टेंबरला बेल्यायेवोच्या माळावर राबिन, लिदिया मास्तरकोवा, व्लादिमीर नेमुखिन, येव्गेनी रुखिन, कोमार आणि मेलामिद वगैरे मंडळींनी उघड्यावर चित्रं मांडली, तर त्यांच्यावर बुलडोझर आणि पाणी मारणाऱ्या गाड्या सोडण्यात आल्या. तिथे झाडं लावायची आहेत, असं कारण देण्यात आलं. परदेशी बातमीदारांनाही मार बसला आणि बातमी जगभर गेली. बभ्रा इतका झाला, की दोन आठवड्यांनी इझ्मायलोवोच्या उद्यानात चार तासांच्या प्रदर्शनाला सरकारलाच परवानगी द्यावी लागली. हजारो लोक आले.

स्वेतोस्लावला सरकारने मान दिला म्हणून त्याची चित्रं हलकी ठरत नाहीत. पण ती तपासून पाहायलाच हवीत, आणि बंगळुरूत ही तपासणी फारशी होत नाही. आपण त्याच्याकडे ऋषी म्हणून पाहतो. माझ्या मते त्याची व्यक्तिचित्रं भक्कम आहेत. बाह्यरेषा धारदार, कापड आणि दागिने रत्नासारखे, आणि चेहऱ्यात ताण. वडिलांची त्याने पुन्हा पुन्हा काढलेली चित्रं तर नात्यातल्या दबावासह उभी राहतात. मानवजातीच्या भवितव्यावरची त्याची मोठी रूपकचित्रं मात्र मला कमकुवत वाटतात. त्यांचा अर्थ आधी पोहोचतो आणि डोळ्याला करायला काही उरत नाही. त्याची सर्वांत जिवंत चित्रं दक्षिणेतल्या लाल मातीची आहेत. राबणाऱ्या बायका, सपाट माळ आणि क्षितिजावर चढलेला रंग. म्हैसूरच्या पठारावरच्या उन्हाने त्याला वडिलांच्या निळ्या हिमालयातून बाहेर काढलं. वडील मुळात रंगभूमीचे. १९१३ मध्ये पॅरिसला गाजलेल्या स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंतोत्सवा’चा देखावा त्यांचा. त्यांचे डोंगर पडद्यासारखे उभे असतात. मुलाला जमीन सापडली ती इथे.

आपल्याकडे येणारी बाकीची रशियन कला सरकारी वाटेनेच येत होती. मुंबईत लोकवाङ्मय गृह आणि बंगळुरूत नवकर्नाटक, अशा दुकानांतून स्वस्त, देखण्या सोव्हिएत पुस्तकांनी दोन पिढ्यांची बालपणं रंगवली. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती पुस्तकं मराठीत आणली, आणि त्यांतल्या चित्रांबद्दल बोलताना आजही आपल्या वयाची माणसं हळवी होतात. पण एक गोष्ट त्या वेळी आपल्याला ठाऊक नव्हती. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हीच अनेक भूमिगत चित्रकारांची रोजीरोटी होती. इल्या काबाकोव्ह, एरिक बुलातोव्ह, ओलेग वासिलिएव्ह, व्हिक्टर पिवोवारोव्ह हे सगळे दिवसा बालसाहित्याचे चित्रकार आणि उरलेल्या वेळात स्वतःचे. काबाकोव्ह तर चित्रकार संघाचा सभासद होता, म्हणून तर त्याला माळ्यावरचा स्टुडिओ मिळाला. त्यामुळे ‘भूमिगत’ म्हणजे सरकारपासून पूर्ण तुटलेला, ही परदेशी प्रदर्शनांनी रुजवलेली प्रतिमा खरी नाही. एकाच माणसाचे दोन हात दोन वेगळ्या टेबलांवर चालत होते, आणि काबाकोव्हच्या खासगी कामात दिसणारी ती साळसूद, सोपी, बालपुस्तकी रेघ पहिल्या टेबलावरूनच आलेली आहे.

आता परदेशातल्या भिंतींकडे वळू. १९७६ मध्ये संग्राहक अलेक्झांडर ग्लेझरने पॅरिसजवळ माँजेरोंला निर्वासित रशियन कलेचं संग्रहालय उघडलं. १९७७ च्या सुरुवातीला लंडनमध्ये या कलेचं मोठं प्रदर्शन झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हेनिसला कार्लो रिपा दि मेआना यांनी मतभेदाला वाहिलेली बिनाले भरवली. सोव्हिएत वकिलातीने निषेध केला, आणि १९७८ व १९८० च्या बिनालेत सोव्हिएत संघ फिरकलाच नाही. या प्रदर्शनांबद्दल मला कृतज्ञता आहे, पण त्यांतून झालेली एक फसगत सांगायला हवी. चित्रकारांना कामं पाठवता येत नव्हती, त्यामुळे आयोजकांनी पश्चिमेतल्या संग्राहकांकडची कामं गोळा केली. ती तिथे पोहोचली होती राजनैतिक अधिकाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या सामानातून. जे बॅगेत मावलं ते इतिहासात गेलं. लहान कॅनव्हास, कागद, गुंडाळता येणारी चित्रं. अनातोली झ्वेरेव्हची झपाट्याने काढलेली व्यक्तिचित्रं त्यामुळे जगभर पसरली. आंद्रेई मोनास्तिर्स्कीच्या ‘सामूहिक कृती’ या गटाने १९७६ पासून मॉस्कोबाहेरच्या बर्फाळ माळावर जे प्रयोग केले, त्यांत विकायला किंवा न्यायला वस्तूच नव्हती. ते समजायला जगाला फार उशीर लागला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ नॉर्टन डॉज याने जमवलेला, आज रटगर्स विद्यापीठाच्या झिमर्ली संग्रहालयात असलेला वीस हजारांहून अधिक कलाकृतींचा साठा अमोल आहे. पण तिथेही काय वाचलं हे बऱ्याच अंशी सीमेवरच्या तपासणीने ठरवलं.

मग या कलेतलं परक्या भिंतीवर टिकलं काय? माझं उत्तर काबाकोव्हपाशी येऊन थांबतं. सत्तरच्या दशकात तो सुट्या पानांचे चित्रसंच करायचा आणि माळ्यावर जमलेल्या मित्रांपुढे एकेक पान उलटत मोठ्याने वाचायचा. ती पानं काचेआड लावली की आवाज जातो, मित्र जातात, दमट खोली जाते. १९८५ मध्ये त्याने ‘आपल्या खोलीतून अंतराळात उडालेला माणूस’ हे काम केलं. भिंतींवर प्रचारकी सोव्हिएत चित्रं चिकटवलेली एक कोंदट खोली, मधोमध स्प्रिंगांची गोफण, आणि छताला भगदाड. १९८८ मध्ये न्यूयॉर्कला गेला तेव्हा त्याने सामायिक घरातल्या अशा खोल्याच तिथे बांधल्या. परक्या देशातल्या माणसाला आपला संदर्भ ठाऊक नसणार, हे ओळखून त्याने संदर्भच कलाकृतीच्या आत घेतला. राबिनला ते जमलं नाही. १९७८ मध्ये नागरिकत्व गमावून तो पॅरिसला राहिला आणि २०१८ मध्ये वारला. पॅरिसच्या रस्त्यांवरही त्याने तीच करडी छटा आणि तोच मासा मांडला. ती चित्रं प्रामाणिक आहेत, पण लिआनोझोवोच्या चिखलात त्या माशाला जो विरोध मिळत होता, तो सीनच्या काठी मिळाला नाही.

जुलै १९८८ मध्ये सदबीजने मॉस्कोतच लिलाव केला आणि ग्रीशा ब्रुस्किनच्या ‘मूलभूत शब्दकोशा’ला दोन लाख बेचाळीस हजार पौंड मिळाले. भूमिगत कला त्या दिवशी संपली असं म्हणतात. बाजार आला आणि अर्थातच चित्रांच्या आकाराची अडचणही मिटली.

२०२२ पासून रशियन कलाकार पुन्हा देश सोडत आहेत. त्या वर्षी व्हेनिस बिनालेच्या रशियन दालनातून कलाकार आणि क्युरेटर यांनी स्वतःच माघार घेतली. सेंट पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेन्कोने सुपरमार्केटमधल्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलून तिथे युक्रेनमधल्या युद्धाची माहिती लावली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला सात वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. तिची ती कृती युरोपातल्या कोणत्याही भिंतीवर नेता येणार नाही, कारण तिचं सामर्थ्य डाळ-तांदळाच्या फळीसमोर उभ्या असलेल्या अनोळखी गिऱ्हाइकात होतं. तिच्यावरच्या प्रदर्शनात चिठ्ठीच्या प्रतींपेक्षा ते दुकान कसं दाखवलं, यावरून मी त्या प्रदर्शनाची किंमत ठरवीन.

बंगळुरूला हे सारं समजून घेण्याची जशी सोय आहे, तशी भारतात क्वचितच कुठे असेल. कस्तुरबा रस्त्यावर २०२३ पासून ‘मॅप’ हे नवं संग्रहालय आहे. पॅलेस रोडला माणिक्यवेलू वाड्यात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. सुरुवात मात्र चित्रकला परिषदेच्या रोरिक दालनांपासून व्हावी. स्वेतोस्लावच्या लाल मातीशेजारी १९६० च्या मॉस्कोची हकीकत लिहिलेली असावी आणि त्या हकिकतीत राबिनचं नाव असावं. बालपुस्तकांची पानं असावीत, आणि शेजारी त्याच हातांनी केलेली दुसऱ्या टेबलावरची कामं असावीत. ताटगुणीची सुमारे ४६८ एकरांची इस्टेट ताब्यात घेण्यासाठी कर्नाटकाने १९९६ मध्ये कायदा केला. मालकीचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०११ मध्ये तो कायदा वैध ठरला. रोरिक दांपत्याची चित्रं आणि वस्तू जपाव्यात, लोकांना पाहता याव्यात, हा त्या कायद्याचा उद्देश आहे. तो पुरा करताना सरकारने त्या घरात फक्त ऋषी आणि नटी यांचं स्मारक उभारू नये. एका रशियन चित्रकाराला मॉस्कोचं दार ज्या घरातून उघडलं, त्या घरात मॉस्कोने ज्यांच्यावर दार बंद केलं त्यांच्यासाठीही एक खोली राखावी.