वेल्सचे कागद आणि पाठनिर्णय

प्रक्षेप, लोप, पाठभेद हे शब्द हस्तलिखितांपुरतेच आहेत, अशी आमच्या मंडळींची समजूत असते. ओर्सन वेल्स (१९१५–१९८५) या अमेरिकन दिग्दर्शकाचे कागद व त्याचे चित्रपट यांचा मेळ घालूं लागलें म्हणजे ती समजूत टिकत नाहीं.

वेल्स मूळचा रंगभूमीवरचा. १९३६ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत त्यानें सर्वस्वीं कृष्णवर्णीय नटवर्ग घेऊन ‘मॅक्बेथ’ उभें केलें, तेव्हां त्याचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. १९४१ चा ‘सिटिझन केन’ सर्वश्रुतच आहे. त्याचीं पत्रें, तारा व नाटकांच्या संहिता यांचा मोठा संग्रह इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयांत आहे. मिशिगन विद्यापीठांतही बरेच कागद आहेत.

१९४२ सालीं वेल्स ब्राझीलमध्यें असतां आर. के. ओ. कंपनीनें त्याचा ‘द मॅग्निफिसन्ट अँबरसन्स’ १३१ मिनिटांवरून ८८ मिनिटांवर आणिला, शेवट दुसऱ्याकडून नवा घेवविला, आणि गाळलेल्या भागाची मूळ फीत नष्ट केली. मात्र त्या वर्षीच्या मार्चमधील दृश्यानुक्रमाचें टिपण शिल्लक राहिलें. कुमारसंभवाचे नवव्यापासूनचे सर्ग कालिदासाचे नव्हेत, हें आम्ही शाळेंत शैलीवरून शिकवीत आलों. येथें प्रक्षेपाचा लेखी पुरावाच हातीं आहे. पोथी गेली, अनुक्रमणी उरली. पण जें नाहीं तें नाहीं, एवढें तरी स्पष्ट आहे.

‘टच ऑफ ईव्हिल’चें तसें नाहीं. युनिव्हर्सल कंपनीनें त्याचें संकलन वेल्सच्या हातून काढून घेतलें व कांहीं दृश्यें दुसऱ्या दिग्दर्शकाकडून घेवविलीं. तें रूप पाहून वेल्सनें डिसेंबर १९५७ मध्यें कंपनीच्या प्रमुखास ५८ पानांचें टिपण लिहिलें. बऱ्याच सूचना डावलून १९५८ सालीं चित्रपट प्रसिद्ध झाला. पुढें १९९८ सालीं वॉल्टर मर्च या संकलकानें त्या टिपणाबरहुकूम चित्रपट पुन्हा जुळविला. आरंभींच्या लांब, अखंड दृश्यावरची नामावलि गेली; पार्श्वसंगीताच्या जागीं रस्त्यावरचा गलबला व दुकानांतून आणि मोटारींतून येणारें संगीत आलें; पतीची व पत्नीची अशा दोन कथा आलटून पालटून गुंफल्या गेल्या. चित्र निश्चित सुधारलें. मर्च यांचें काम जबाबदारीचें आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों.

आमचा आक्षेप आहे तो या जुळणीस ‘वेल्सचा मूळ पाठ’ म्हणणाऱ्यांवर. तें टिपण प्रत नव्हे, शुद्धिपत्र आहे. आणि तेंही दुसऱ्यानें बिघडविलेल्या प्रतीचें. शिवाय तें विनवणीच्या सुरांत, मालकाचें मन वळविण्यासाठीं लिहिलेलें. अर्जांत जें मागितलें तीच अर्जदाराची सारी इच्छा, असें पेशवे दफ्तर चाळलेला कोणी मानील काय? भांडारकर संस्थेच्या महाभारतांत संपादकांनीं संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ ओढिली आहे. १९९८ च्या चित्रपटास आरंभीं खुलासा जोडला आहे खरा, पण चित्र चालूं झाल्यावर कोणता सांधा वेल्सचा आणि कोणता तर्काचा, हें दाखविणारी रेघ पडद्यावर नाहीं.

तेव्हां १९५८ ची प्रत अशुद्ध म्हणून टाकून देणें हें घोर अज्ञान होय. टिपणाचा अर्थ तिच्यावांचून लागणारच नाहीं. ज्यांस अवकाश असेल त्यांनीं टिपण हातांत धरून आरंभींचें दृश्य दोन्ही प्रतींत पाहावें, आणि ज्या मोटारींत स्फोटक ठेविलें आहे तिचें संगीत कोणत्या प्रतींत कानीं पडतें, तें टिपून ठेवावें.