चित्रातला कोल्हा, रानातला कोल्हा

लहान मुलांसाठीच्या मराठी प्राणिकथेत कोल्हा बहुतेक वेळा नारिंगी असतो. शेपूट झुपकेदार आणि शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. हा युरोपातला लाल कोल्हा. आपल्याकडचा कोल्हा मातकट-पिवळट, पाठीवर करडी-काळी झाक असलेला, शेपटीचं टोक काळसर. तो उसाच्या फडात असतो, गावाच्या वेशीवर फिरतो, मुंबईच्या खाडीकाठच्या कांदळवनातही आहे. असली पुस्तकं पाहून मोठं झालेलं मूल त्याला समोरासमोर पाहील आणि कुत्रा समजून पुढे जाईल. पुस्तकावर ‘शैक्षणिक’ असं लिहिलेलं असेल, तर ही चूक लहान नाही.

कोल्हा एकटाच असा नाही. पाडसाला कुरवाळणाऱ्या चितळाच्या आईला सर्रास शिंगं काढलेली असतात. चितळात शिंगं फक्त नराला येतात आणि तीही दरवर्षी गळून पुन्हा फुटतात. आपल्या देवळापुढच्या हत्तीचे कान आफ्रिकेतल्या हत्तीएवढे होतात. सुगरणीचं घरटं तर जवळजवळ प्रत्येक पुस्तकात मादीच विणते. प्रत्यक्षात विणकाम नराचं. तो अर्धं घरटं विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीला पसंत पडलं की मग तो पुढची लांब नळी पुरी करतो. बहिणाबाईंनी त्या खोप्यातून आईपण पाहिलं, तो कवीचा हक्क आहे. निसर्गाची ओळख करून देण्यासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकाला तो घेता येत नाही.

हे असं का झालं, याचं मूळ जुनं आहे. पंचतंत्र राजपुत्रांना व्यवहार शिकवण्यासाठी रचलं गेलं. तिथला सिंह म्हणजे राजा आणि कोल्हा म्हणजे धूर्त मंत्री. इसापाच्या गोष्टी मराठीत छापून आल्या त्या तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. म्हणजे छापील मराठी बालवाङ्मयाची सुरुवातच प्राण्याच्या तोंडून माणसाला उपदेश करण्यापासून झाली. त्या गोष्टी मोठ्या आहेत आणि त्या मुलांना सांगितल्याच पाहिजेत. पण प्राणी हा माणसाचा मुखवटा, ही सवय आपल्या हाडीमासी इतकी मुरली, की मुखवट्यामागे खरा जीव आहे हेच आपण विसरलो. शेवटी तात्पर्य आलं की लेखकाचं काम संपलं, आणि चित्रकाराला कोल्हा नुसता ‘लबाड’ दिसला म्हणजे पुरे.

प्राण्याला कपडे चढवणं हा माझ्या मते दोष नाही. बिएट्रिक्स पॉटरच्या पीटर ससुल्याच्या अंगात निळा कोट आहे. पण १९०२ साली पुस्तकरूपात आलेल्या त्या सशाचं बसणं, कान मागे टाकणं, मागच्या पायांची ठेवण अस्सल सशाची आहे, कारण तिने ससे पाळले होते आणि वर्षानुवर्षं त्यांची चित्रं काढली होती. कोट कल्पनेतला, ससा डोळ्यांनी पाहिलेला. आपल्याकडे अनेकदा दोन्ही उसने असतात.

आजचं चित्र सगळंच निराशाजनक आहे असं नाही. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ साली उभा राहिला आणि त्याच्या नेहरू बाल पुस्तकालयाने मराठी घरांत स्वस्त, देखणी चित्रपुस्तकं आणली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं काढली, आणि चित्र म्हणजे मजकुराची सजावट नव्हे, चित्रही गोष्ट सांगतं, हे मराठी पालकांना त्यांतून कळलं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. चेन्नईच्या तुलिकाची पुस्तकं मराठीतही येतात. ‘चिकूपिकू’सारखं मासिक अगदी लहानांसाठी निघतं.

पण नीट पाहिलं तर प्रगती झाली ती माणसाच्या मुलाच्या गोष्टीत. घर, शाळा, शेजार, भावंडांची भांडणं हे सगळं आता मराठी चित्रपुस्तकात खरंखुरं दिसतं. प्राण्याची गोष्ट तिथल्या तिथे राहिली आहे. जी चांगली पुस्तकं येतात, त्यांतली बरीच आधी दुसऱ्या भाषेत तयार होतात आणि मराठी मजकूर नंतर ठरलेल्या जागेत बसवला जातो. अनुवाद हवेतच. पण सह्याद्रीतलं शेकरू, सोलापूरकडच्या माळावरचा लांडगा, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव यांची गोष्ट इथल्या लेखक-चित्रकारांनी नाही रचली तर कोण रचणार?

याची खंत वाटते, कारण मोठ्यांच्या मराठी साहित्यात हे सगळं आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतला संघर्ष वानरांचाच ठेवला. मारुती चितमपल्लींनी रानातलं आयुष्य शब्दांत उतरवलं. विलास मनोहरांचं ‘नेगल’ हेमलकशाच्या बिबट्यावर आहे. एवढी श्रीमंती घरात असताना सहा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण अजून पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा कोल्हा देतो.

ज्ञान गोष्टीत कसं मुरावं, याचं एक उदाहरण कोकणातल्या रानात तयार आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल यांनी तोंड लिंपून घेते. उरते फक्त चोच बाहेर काढता येईल एवढी फट. अनेक आठवडे ती आत असते. तेवढ्यात तिची पिसंही गळून नवी येतात. नर रोज उंबर-वडाची फळं गळ्यातून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवतो. डाव्या पानावर ढोलीतला अंधार, उजव्या पानावर फळं शोधणारा नर. एक दिवस तो उशिरा आला तर? गोष्टीचा सगळा पेच पक्ष्याच्या जगण्यातूनच निघतो. त्याला बोलायला लावायची गरज नाही, तात्पर्याची तर नाहीच. वड का तोडू नये, हे मुलाला न सांगता कळेल.

असं पुस्तक व्हायला चित्रकाराला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे लागतात. सध्या लेखकाचं नाव मुखपृष्ठावर आणि चित्रकाराचं आत बारीक टाइपात, मानधन एकरकमी, मुदत थोडकी. मग तो इंटरनेटवर जे सापडेल ते समोर ठेवतो. आता यंत्राकडून चित्र काढून घेण्याची सोय झाली आहे. ती जगभरच्या चित्रांची सरासरी देते, आपल्या माळावरचा प्राणी देत नाही.

प्रकाशकांना आणि बालदिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे. वर्षाला दहा प्राणिकथा काढण्याऐवजी दोन काढा. चित्रकाराला चार दिवस वेळासला, भीमाशंकरला, नागझिऱ्याला पाठवा, तिथल्या वनरक्षकाशी बोलू द्या. छापण्यापूर्वी चित्रं एखाद्या प्राणी-अभ्यासकाला दाखवा आणि चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापा. आणि पालकांनो, पुस्तकात चूक दिसली तर प्रकाशकाला चार ओळींचं पत्र जरूर लिहा.