शिराळ्याचे नाग, तुमचा प्रबंध आणि ‘शिकार’ हा शब्द

"शिकारीचं लायसन्स कुठं काढायचं?" असं गावाकडचे लोक मला अधूनमधून विचारतात. उत्तर सरळ आहे: हौसेच्या शिकारीचं लायसन्स आता मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते होतं, १९९१ च्या दुरुस्तीनं ते गेलं. आता कलम ९ बंदी घालतं. अपवाद दोनच: कलम ११ (माणसाला धोका, पिकाचं नुकसान वगैरे) आणि कलम १२ (शिक्षण, संशोधन वगैरे). संशोधनाला निघालेल्या तुम्हाला बारावं कलम तोंडपाठ हवं.

का? कलम २ मधली ‘शिकार’ची व्याख्या वाचा. मारणं तर आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, अंडी किंवा घरट्याला त्रास देणं हेही शिकारच. पहिल्या वर्षी मी प्रस्तावात ‘पकडून, मोजून, सोडून देणे’ असं लिहिलं होतं. मारायचं नाही, मग परवानगी कशाला, असा माझा समज. गाइडनी त्या ओळीभोवती लाल गोल काढला. अर्ज उशिरा गेला आणि अख्खा पावसाळा हातचा गेला. चूक माझीच.

तरी ही व्याख्या मला आवडते. ती तुमचा हेतू विचारत नाही, प्राण्याला काय होतं ते बघते. सापळ्यात अडकलेल्या जिवाला पकडणारा पीएच.डी. करतोय की मटण, हे कळत नाही.

कायदा कच्चा आहे तो कलम १२ मध्ये. तिथं ‘शिक्षण’ हा शब्द आहे, पण शिक्षण म्हणजे काय ते कायदा सांगत नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचंच बघा. न्यायालयाच्या आदेशानंतर तिथली जिवंत नागांची पूजा थांबली होती. २०२५ च्या नागपंचमीला केंद्रानं २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, शैक्षणिक कारणासाठी. प्रदर्शन, करमणूक नाही, अशा अटींवर. नाग अनुसूची १ मध्ये असल्यानं केंद्राची संमती लागतेच.

शिराळकरांना नागाची जाण आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, त्या शब्दावर आहे. काय शिकवणार, कुणाला, नोंद काय ठेवणार, आणि पकडल्याशिवाय ते शिकवता येत नाही का? हे प्रश्न कायद्यातच नसतील तर श्रद्धेला शिक्षणाचं नाव घ्यावं लागतं, आणि त्यात दोघांचंही नुकसान होतं.

आता हेच प्रश्न स्वतःच्या प्रस्तावाला विचारा. प्रजाती आणि तिची अनुसूची, किती प्राणी, कुठं, किती वेळ हातात धरणार, न पकडता काम का भागत नाही, हे सगळं लिहा. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. कोयना अभयारण्य किंवा चांदोलीत काम असेल तर आत जायची परवानगी वेगळी.

परवाना हातात आला की नीट वाचा. कायद्याच्या भाषेत तो तुम्हाला ‘शिकार’ करायचाच हक्क देतो. सापळा लावताना तो शब्द आठवला तर हात जरा जपून चालतो.