फळ कोणी भोगावयाचे? ‘क्रिस्तपुराणा’तील तारणविचार

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ महाराष्ट्रात बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीपुरतेच ओळखले जाते. पाठ्यपुस्तकांतून त्या स्तुतीच्या ओव्या निवडल्या जातात, परदेशी धर्मोपदेशकाने मायमराठीचा गौरव केला याचे कौतुक होते आणि ग्रंथ मिटला जातो. आमच्या मते हा ग्रंथकर्त्यावर अन्यायच आहे. स्टीफन्स यांनी सुमारे 11 हजार ओव्या भाषेच्या गौरवासाठी रचलेल्या नाहीत. त्यांना एक सिद्धांत सांगावयाचा होता. त्या सिद्धांताची गंभीरपणे परीक्षा करणे, हाच त्यांचा खरा सन्मान होय.

स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. ते 1579 मध्ये गोव्यास आले आणि 1619 मध्ये निवर्तले. त्यांचा ग्रंथ 1616 मध्ये साष्टी प्रांतातील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला तो 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. हा योगायोग असला तरी मराठी वाचकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते. आदिमानवाचे आज्ञाभंगाने झालेले पतन, त्यामुळे सर्व मानवजातीस लागलेला दोष आणि तारणाऱ्याच्या आगमनाचे अभिवचन हा त्याचा गाभा होय. ‘दुसरे पुराण’ येशूचा जन्म, उपदेश, चमत्कार, क्रुसावरील मरण व पुनरुत्थान सांगते. या रचनेचे मर्म असे की, येशूचे चरित्र येथे स्वतंत्र कथा म्हणून येत नाही. पहिल्या भागात जे ऋण उभे राहिले, त्याची फेड म्हणून ते येते. पतन वजा केले तर क्रुसाला अर्थ उरत नाही.

शब्दयोजनाही विचार करावयास लावणारी आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच घेतात. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरितु सांतु’ हेच परके रूप राखतात. स्थळाचे नाव उसने घेता येते, परंतु सिद्धांताचा कणा असलेली संज्ञा परक्या अर्थाने डागाळू नये, अशी ही सावधगिरी दिसते. ‘निब्बान’ शब्दाचा अनुवाद ‘मोक्ष’ असा करताना होणारी हानी ज्यांनी अनुभवली आहे, त्या पालीच्या अभ्यासकांना ही अडचण सहज उमगेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच्या कर्माचे फळ दुसरा भोगू शकतो काय? लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेला एक अपराधी आपला दोष मान्य करतो, येशूस शरण जातो आणि त्याच दिवशी स्वर्गसुखाचे आश्वासन मिळवितो. मज्झिमनिकायातील अंगुलिमाल हाही घोर अपराधी. तथागत त्याला अव्हेरत नाहीत. संघात घेतात, तो अर्हत होतो. तरीही भिक्षाटनास गेला असता लोकांच्या दगडाकाठ्यांनी तो रक्तबंबाळ होऊन परततो. तेव्हा तथागत त्याला सांगतात की, हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ येथेच भोगून संपत आहे.

दोन्ही कथांत करुणा आहे, दोन्हींत पश्चात्तापास स्थान आहे. परंतु एकीत तारणारा ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतो. दुसरीत शास्ता ओझे वाहण्याचे सामर्थ्य देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मोक्षदाता आणि मार्गदाता असा जो भेद केला, त्याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांस आठवत नाही.

तथापि हा भेद सांगून मोकळे होणे पुरेसे नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पारव्यासाठी स्वतःचे मांस देणारा शिबिराजा चितारला आहे. परक्यासाठी देह वेचण्याची कल्पना आपल्या परंपरेसही पूज्य आहे. शिबीच्या दानाने पारव्याचे प्राण वाचतात, त्याची कर्मे मात्र पुसली जात नाहीत. ते दान ऋणफेड नव्हे. परंतु क्रुसाच्या कथेपुढे ज्याचे मन हलत नाही, त्याला शिबीही कळला नाही असे आम्ही म्हणू.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. ‘पैल्या पुराणा’च्या आरंभी एक नवख्रिस्ती श्रोता विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्या. ग्रंथाचा जन्म या विनवणीतून झाला. ज्या साष्टीत 1567 मध्ये देवळे पाडली गेली, तेथील प्रजाजनाची ती विनवणी आहे. स्टीफन्स तिची नोंद करतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा. मात्र या प्रश्नकर्त्याला निरुत्तर राहण्याचे किंवा असहमत होण्याचे स्वातंत्र्य कितपत होते?

येथे ‘मिलिंदपञ्ह’ आठवतो. संवादापूर्वी नागसेन राजास अट घालतात की, पंडितासारखा वाद करणार असाल तर बोलू, राजासारखा करणार असाल तर नाही. कारण राजा विरोध करणाऱ्यास दंड देतो. 1950 साली या नगरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन झालेल्या महाविद्यालयास बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले, त्यामागे प्रश्न विचारणाऱ्या राजाचा हा आदर्श होता.

म्हणून ‘क्रिस्तपुराणा’ची खरी मर्यादा त्याच्या सिद्धांतात शोधण्याऐवजी त्याच्या संवादात शोधावी, असे आम्ही सुचवितो. सिद्धांत स्वीकारावा वा नाकारावा. प्रत्येक श्रद्धावंतास तो अधिकार आहे. पण ज्या संवादात एका पक्षाची पुस्तके आधीच काढून घेतली गेली आहेत, तेथे मिळालेला होकार तोलून पाहिलाच पाहिजे. आज आमच्या वाचकांवर असा कोणताही दंड नाही. त्यांनी हा ग्रंथ स्तुतीच्या ओव्यांपलीकडे जाऊन संपूर्ण वाचावा, आणि पंडितासारखा वाचावा.