सापडलेला रंग आणि लावलेला रंग

माझ्या पीएचडीचं रोजचं काम म्हणजे गोंगाटात बुडालेल्या स्पेक्ट्रममधून खरा सिग्नल वेगळा करणं. या कामात एक प्रश्न सतत विचारावा लागतो: हे शिखर डेटात आहे, की आपल्या सॉफ्टवेअरने ते तिथे आणून ठेवलंय? जुन्या टीव्ही मालिका डीव्हीडीवर, ब्लू-रेवर आणि आता स्ट्रीमिंगवर 'नव्या रूपात' येतात, तेव्हाही मला हाच प्रश्न पडतो. आजच्या पोस्टमध्ये त्याच नजरेने बीबीसीच्या 'डॉक्टर हू'कडे बघूया. जुनी मालिका वाचवण्याचे जेवढे मार्ग आहेत, ते जवळजवळ सगळे या एका मालिकेवर वापरून झालेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६३ मध्ये सुरू झालेली ही मालिका बहुतांशी स्टुडिओत व्हिडिओ टेपवर चित्रित व्हायची. टेप महाग होती आणि पुसून परत वापरता यायची. पुनर्प्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते आणि घरी बघायला व्हिडिओ नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे जुने भाग जपून ठेवण्यात कुणाला व्यवहार दिसत नव्हता. टेपा पुसल्या गेल्या. साठच्या दशकात २५३ भाग झाले, त्यातले नव्वदहून जास्त आजही बेपत्ता आहेत. जे वाचले ते मुख्यतः परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिमी फिल्म प्रतींमुळे. या प्रती काढायची पद्धत अगदी साधी होती: एका मॉनिटरवर टेप चालवायची आणि समोर फिल्म कॅमेरा लावून ते चित्र टिपायचं.

१९७० पासून मालिका रंगीत झाली, पण अनेक गिऱ्हाईक देशांमध्ये टीव्ही अजून कृष्णधवलच होता. त्यांच्यासाठीच्या प्रतीही कृष्णधवल निघाल्या. पुढे मूळ रंगीत टेपा पुसल्या गेल्या आणि सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल प्रती उरल्या. १९७१ ची 'द माइंड ऑफ ईव्हिल' ही सहा भागांची कथा त्यातलीच. शेवटच्या भागातली काही मिनिटं सोडली, तर तिचा रंग गेलाच होता.

इथे मला हा विषय फार आवडतो. रंग गेला म्हणजे नेमकं काय गेलं? प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. कृष्णधवल प्रतीत त्यांची एक ठरावीक बेरीज तेवढी उरते, म्हणजे उजळपणा. तीन अज्ञात, समीकरण एकच. बारावीचं गणित आठवत असेल, तर अशा गणिताला अगणित उत्तरं असतात हे तुम्हाला माहीत आहे. करडा दिसणारा कोट लाल असेल, हिरवा असेल, करडाही असेल.

पण या फिल्म प्रतींवर उरलेली दोन समीकरणं लपून बसली होती. पाल पद्धतीत रंगाची माहिती उजळपणाच्या सिग्नलवरच ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर बसवून पाठवतात. लहरीची उंची सांगते रंग किती गडद, तिची कला सांगते रंग कोणता. कृष्णधवल पडद्यावर हीच लहर बारीक ठिपक्यांच्या रूपात दिसते; एका दृश्य रेषेत साधारण २३० आवर्तनं. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेही पालवरच. तेव्हा ज्यांच्या घरी जुना कृष्णधवल सेट होता, त्यांच्यापैकी काहींना भडक रंगांच्या जागी अशी जाळी दिसल्याचं आठवत असेल. फिल्म प्रत काढताना हे ठिपके फिल्टरने घालवायचे असतात. बऱ्याचदा ते घालवलेच गेले नाहीत. म्हणजे रंग प्रतीवर छापलेला होता, फक्त कुणी वाचला नव्हता.

बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांनी हे ठिपके उलट वाचता येतील अशी कल्पना मांडली आणि बीबीसीचे माजी अभियंते रिचर्ड रसेल यांनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. वाचायला सोपं वाटतं, पण नेहमीच्या सिग्नलमध्ये कलेचा संदर्भ देणारी जी खूण असते, ती चित्राच्या चौकटीबाहेर असते, त्यामुळे फिल्मवर ती येतच नाही. त्यात मॉनिटरच्या काचेचा बाक, फिल्मचं आकुंचन, हललेली चौकट. ठिपका जरा सरकला की कला बदलते आणि कला बदलली की माणसाचा चेहरा हिरवा होतो. हे सगळं सोडवून डिसेंबर २००८ मध्ये 'डॅड्स आर्मी'चा एक भाग रंगात प्रक्षेपित झाला. २०१३ मध्ये 'द माइंड ऑफ ईव्हिल'ची डीव्हीडी आली, तिच्यातले भाग दोन ते सहा याच पद्धतीने रंगीत झालेले आहेत.

समीक्षक म्हणून माझं मत: हे भाग दिसायला परिपूर्ण नाहीत. रंग थोडा बसलेला आहे, कडांना मऊपणा आहे, काही दृश्यांत छटा किंचित डुलते. तरी मला ती रंगीत प्रत अस्सल वाटते, कारण त्या कोटाचा रंग कुणी ठरवलेला नाही. तो १९७१ च्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्याने मोजला होता आणि बेचाळीस वर्षांनी आपल्याला मिळाला.

याच संचातला भाग एक वेगळा आहे. त्याच्या प्रतीवर फिल्टरने आपलं काम चोख केलं होतं, म्हणून ठिपके नाहीत. तो भाग हाताने रंगवला गेला. काम फार सुरेख आहे, आणि बाकीच्या पाच भागांतून त्याच पात्रांचे, त्याच कपड्यांचे रंग माहीत असल्यामुळे अंदाजाला आधारही आहे. तरी दोन्ही रंगांचा दर्जा पुरावा म्हणून एकच नाही. सलग बघताना मात्र सांधा कळत नाही. कारागिरी म्हणून हे यश आहे. पण उद्या कुणी सत्तरच्या दशकातल्या वेशभूषेवर संशोधन करताना भाग एकमधली एखादी चौकट पुरावा म्हणून देईल, तेव्हा हीच गोष्ट अडचण होईल.

आता तुम्ही म्हणाल, मग अंदाज नकोच का? तसं नाही. 'व्हिडफायर' नावाच्या प्रक्रियेचं उदाहरण घ्या. स्टुडिओच्या व्हिडिओत सेकंदाला ५० क्षेत्रं असायची, म्हणजे हालचालीचे ५० नमुने. फिल्म प्रतीत राहिल्या २५ चौकटी. त्यामुळे स्टुडिओतलं ते जिवंत, नाटकासारखं वाटणारं चित्र फिल्मवर सिनेमासारखं अडखळतं. व्हिडफायर दोन चौकटींमधली हालचाल मोजून मधला क्षण गणिताने तयार करतं. २००२ च्या 'द ॲझ्टेक्स'च्या डीव्हीडीपासून ते नियमित वापरात आलं. माझ्या कसोटीवर हा मधला क्षण बनवलेलाच आहे. पण हात इथे होता आणि नंतर तिथे गेला, हे दोन्ही माहीत असताना मधली जागा शोधणं म्हणजे दोन बाजूंनी बांधलेला अंदाज. चुकला तरी थोडाच चुकेल. राखाडी कोटाला लाल म्हणणं हा न बांधलेला अंदाज. दोन्हींना 'रिस्टोरेशन' हे एकच नाव देणं मला पटत नाही.

या कसोटीवर सगळ्यात अवघड केस म्हणजे २०२३ ची 'द डालेक्स इन कलर'. १९६३-६४ मधली सात भागांची कृष्णधवल कथा रंगवून, कापून, नवं संगीत घालून ७५ मिनिटांची केली. ती वाईट नाही. वेग चांगला आहे, आणि डालेक पहिल्यांदा बघणाऱ्या पोराला ती नक्की धरून ठेवेल. पण गुहेतला तो लांबलेला प्रवास, वाट बघण्यातली भीती, दर आठवड्याला अर्ध्यावर सोडून देणारी रचना, हे सगळं कात्रीखाली गेलं. सात आठवडे ताणलेली भीती एका बैठकीत बसवली की कथा तीच राहते, पण तिचा वेळ वेगळा होतो. आणि माझ्या मते मालिकेचं खरं माध्यम वेळ हेच आहे.

रंगाचा मुद्दा तर याहून गमतीचा. 'टार्डिस'च्या आतलं नियंत्रणाचं टेबल तेव्हा स्टुडिओत फिकट हिरवं रंगवलं होतं, कारण शुभ्र पांढरा त्या कॅमेऱ्यांना झेपायचा नाही. प्रेक्षकाला ते पांढरं दिसावं हाच हेतू. मग रंगवताना काय करायचं? हिरवं केलं तर स्टुडिओशी इमान राहतं, पांढरं केलं तर दिग्दर्शकाच्या हेतूशी. 'माइंड ऑफ ईव्हिल'मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण ती रंगातच घडवलेली होती. कृष्णधवल म्हणूनच घडवलेल्या चित्राला 'हरवलेला रंग' नसतोच. त्यामुळे इथे रंग लावणं म्हणजे जीर्णोद्धार नाही, ते रूपांतर आहे. रूपांतर म्हणून बघितलं तर मला त्यावर राग नाही. बीबीसीने मूळ सातही भाग सोबत उपलब्ध ठेवले, हे त्यांचं श्रेय आहेच.

खरी काळजी पुढची आहे. स्ट्रीमिंगवर सहसा एकच आवृत्ती असते आणि ती कधी बदलली हे कळत नाही. डीव्हीडीच्या संचात पर्याय ठेवता यायचा. २०१२ च्या 'इन्व्हेजन ऑफ द डायनोसॉर्स'च्या डीव्हीडीवर पहिल्या भागाच्या ठिपक्यांतून रंग पुरता मिळाला नव्हता, म्हणून तो कृष्णधवलही ठेवला आणि रंगीत प्रयत्न पर्याय म्हणून दिला. निवड बघणाऱ्याची. आता एआयने धूसर चेहऱ्यांना नव्या पापण्या, नवी त्वचा देणं स्वस्त झालंय. ती पापणी कुठल्याही कॅमेऱ्याने पाहिलेली नाही, ती दुसऱ्या लाखो चेहऱ्यांच्या सरासरीतून आलेली आहे. अभिनयाची समीक्षा करायची तर चेहरा नटाचाच आहे, एवढी तरी खात्री हवी की नको?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रयोगशाळेत आपण आलेखाखाली लिहितो, हे बिंदू मोजलेले आणि ही रेषा बसवलेली. तसंच मालिकेच्या माहितीत तीन ओळी असाव्यात: मूळ स्रोत कोणता होता, त्यातून काय वाचून काढलं, आणि काय नव्याने बनवलं. याला पैसे लागत नाहीत. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यातल्या इफ्फीमध्ये 'वेव्हज' सुरू केलं आणि दूरदर्शनचं जुनं भांडार त्यावर यायला लागलं. आपल्या मालिकांचं 'नूतनीकरण' कुणी ना कुणी करणारच, तेव्हा या तीन ओळी मागायची सवय आपल्याला आत्तापासून हवी.

तोपर्यंत एक घरगुती चाचणी सांगतो. जुनी मालिका एकदम लखलखीत दिसली तर चेहऱ्यांऐवजी मागच्या भिंतीवरची अक्षरं बघा. पाटी, वर्तमानपत्र, दुकानाचं नाव. फिल्म खरोखर नव्याने स्कॅन केली असेल, तर तिथे वाचता येणारी अक्षरं निघतील. अक्षरांसारखे दिसणारे पण कुठल्याच लिपीत नसलेले आकार दिसले, तर समजा की शिखर डेटात नव्हतं.