लॅटिन ग्रंथातले नागरी पान

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथाचे साहित्याच्या दिवाळी अंकात काय काम, असे सुज्ञ वाचक विचारतील. पण हा ग्रंथ जितका झाडांचा, तितकाच भाषांचाही आहे; आणि आपण सीमेवरची माणसे भाषेच्या बाबतीत जरा हळवीच. ग्रंथाचे नाव ‘होर्टुस मलबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग.

मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने तो कोचीत सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापून झाले. ७४२ वनस्पतींची वर्णने, सोबत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली भव्य चित्रे. १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच रेडे वारला. त्याचे थडगे सुरतेला आहे. ग्रंथाचा शेवट काही त्याला पाहता आला नाही.

मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे, एम. ए. झालेला भाषेचा शिक्षक. त्यामुळे माझी नजर प्रथम गेली ती पहिल्या खंडाच्या आरंभीच्या प्रशस्तिपत्रांवर. एक आहे इट्टी अच्युदन या ईळव समाजातील वैद्याचे, त्याच्याच वळणाच्या मल्याळम अक्षरांत. दुसरे आहे रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांचे, आणि ते चक्क नागरी लिपीत आहे! सोळाव्या शतकात गोवा सोडून कोचीकडे गेलेल्या समाजातली ही माणसे. शिवराय रायगडावर छत्रपती म्हणून नांदत होते, त्या काळात ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरे कोरली जात होती. इंटरनेटवर त्या पानाचे छायाचित्र पाहिले तेव्हा ऊर भरून आला, हे कबूल करतो.

पण समीक्षकाने ऊर भरून थांबू नये. या ग्रंथाचा मोठा गुण असा, की झाडाला त्याच्या गावचे नाव राहू दिले आहे. पहिलेच झाड नारळाचे, आणि मथळा ‘तेंगा’! शेजारच्या कानडी घरातून ‘तेंगिनकाई’ ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हा शब्द परका वाटणार नाही. चित्रांवर रोमनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांतही नावे आहेत. एकाच पानावर चार लिप्या शेजारधर्माने नांदतात. कोणी कोणाला पुसून टाकीत नाही.

आता दोष. अच्युदन सांगे ते मल्याळमात. त्याचे पोर्तुगीज होई, पोर्तुगीजचे डच आणि डचचे लॅटिन. तीन उंबरठे ओलांडून आलेल्या मजकुरात त्या वैद्याचा आवाज उरत नाही. कोणती माहिती त्याची, कोणती भटांच्या निघंटूतली, हे लॅटिन वाक्यांतून निवडता येत नाही. अच्युदनाची ताडपत्रे आज उपलब्ध नाहीत. रेडेने मदतनिसांची नावे छापली, ही त्याची थोरवी. पण ती नावे पहिल्या खंडाच्या दारातच उभी राहिली, आत प्रत्येक झाडापाशी पोचली नाहीत. शिवाय या साऱ्यामागे व्यापारी कंपनीचा पैसा आणि स्वार्थ होता, हेही विसरता कामा नये.

हे लिहिताना माझाच एक अपराध आठवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने वाळवलेल्या पानांची वही केली होती. शेवग्याच्या पाल्याखाली तिने लिहिले होते : ‘शेवगा, नुग्गे, आणि आजी म्हणते मशिंग.’ शास्त्रीय नाव नव्हते. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने वह्या माझ्याकडे आल्या होत्या. मी लाल शाईने शेरा मारला : ‘शास्त्रीय नाव कोठे?’ आणि दोन गुण कापले.

शेवग्याचे शास्त्रीय नाव ‘मोरिंगा’. या ग्रंथात ते झाड ‘मुरिंगू’ म्हणून आले आहे. मल्याळम ‘मुरिंगा’, तमिळ ‘मुरुंगाई’ हेच त्याचे मूळ. वेलदोड्याचे ‘एलेट्टारिया’ तर या ग्रंथातल्या ‘एलेट्टारी’वरून सरळ उचललेले. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या लिनियसने १७५३ साली आपल्या झाडांना नावे दिली, तेव्हा अनेकांसाठी त्याच्यापुढे याच ग्रंथातली चित्रे होती. म्हणजे जे शास्त्रीय नाव मी त्या पोरीकडे मागत होतो, ते कुठल्या तरी दाक्षिणात्य आजीच्याच तोंडचे होते! ती पोर रेडेच्या पद्धतीनेच लिहीत होती. चुकलो होतो मी.

डॉ. के. एस. मणिलाल या केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षे वेचून हा ग्रंथ इंग्रजीत (२००३) आणि मल्याळममध्ये (२००८) आणला. अच्युदनाचे ज्ञान सव्वातीनशे वर्षांनी फिरून घरी आले.

आमच्या शाळेत आता वाळवलेल्या पानांच्या वहीत शास्त्रीय नावाखाली एक रकाना वाढवला आहे : ‘घरी काय म्हणतात?’ आणि त्यापुढे दुसरा : ‘कोणी सांगितले?’ या दुसऱ्या रकान्यात मुले आजीचे, गुराख्याचे, बाजारातल्या भाजीवालीचे नाव लिहितात. रेडेच्या बारा खंडांत जे राहून गेले, ते निदान आमच्या चाळीस पानी वहीत राहू नये, एवढीच इच्छा.