बालगंधर्वांची तालीम आणि तुमचे शनिवार-रविवार

आमच्या देवगाव रंगारीहून कन्नड ओलांडून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव लागतं आणि खानदेश सुरू होतो. याच खानदेशातल्या जळगावात नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला मेहबूब खाँकडून गाण्याची सुरुवातीची तालीम मिळाली. पुढे महाराष्ट्राने त्याला बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलं. परदेशातल्या आपल्या मंडळाने यंदाची स्मरणिका नाट्यसंगीताला वाहिल्याचं कळलं, तेव्हा मला बालगंधर्वांच्या कीर्तीच्या काळाआधी ही घडणीची वर्षं आठवली.

संगीत नाटक म्हणजे आपला ऑपेराच. पारशी मंडळीचं ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीतही असं नाटक करावंसं वाटलं आणि १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. गायक नट भाऊराव कोल्हटकर हे अण्णासाहेबांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीचं वैभव. १९०१ साली ते गेले आणि मंडळीचं गाणं पोरकं झालं. १८८८ साली जन्मलेला नारायण १९०५ मध्ये या मंडळीत दाखल झाला आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला.

गळा जन्मजात गोड होता, पण तेवढ्यावर भागलं नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यांच्याकडून अभिनय घोटून घेतला. गाणं भास्करबुवा बखल्यांनी घडवलं. भास्करबुवा स्वतः लहानपणी याच मंडळीत गात होते. वयात येताना आवाज फुटला, तेव्हा ते बाहेर पडले आणि उस्तादांच्या पायाशी बसून वर्षानुवर्षं शिकले. ती सगळी कमाई त्यांनी नारायणरावांच्या गळ्यात उतरवली. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ आलं. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली होती, तरी त्यांनी प्रयोग केला. गोविंदराव टेंब्यांनी त्या नाटकाला पूरब अंगाच्या नव्या चाली दिल्या होत्या. १९१३ मध्ये टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवांच्या चालींनी रागदारी थेट रंगमंचावर आणली.

या घडणीत गुरू होते, तालीममास्तर होते, साथीदार होते आणि रोज एकत्र राबणारी मंडळी होती. परदेशात अशी मंडळी नाही. नोकरी, शाळा, बर्फ आणि लांबची अंतरं सांभाळून तुम्ही तिचं काम शनिवार-रविवारच्या वर्गांतून चालवता, याचं मला फार मोल वाटतं.

गुरू पुण्यात आणि शिष्या पार दुसऱ्या खंडात असली की एकाच्या सकाळी दुसऱ्याची रात्र असते. व्हिडिओवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. गुरूने जागा घ्यायची, थांबायचं, मग शिष्येने ती परत घ्यायची. तबलजी शेजारच्या शहरातून गाडी चालवत येतो. त्याहून अवघड काम उच्चारांचं. इंग्रजीत वाढलेल्या मुलांच्या तोंडी ‘ळ’ आणि ‘ण’ बसवायचा, ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चहा’तला ‘च’ वेगळा ऐकायला शिकवायचं. नाट्यपदात शब्द मेला तर सूर कितीही चढला तरी पद पडतं, हे तुम्ही जाणता म्हणून त्यासाठी इतका वेळ देता.

अशी कला उलट दिशेनेही प्रवास करते. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकून ऑपेरा गायिका झाल्या आणि २००९ पासून पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह भारतात येऊन इथल्या तरुणांना पाश्चात्त्य गायन शिकवू लागल्या. कला कुठलीही असो, परक्या मातीत ती रुजते समोर बसून शिकवणाऱ्यामुळे.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाने अधिवेशनांचा मोठा मंच दिला आहे. मंच आहेत, रसिक आहेत. माझी एकच विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमात पाहुण्या कलाकाराइतकाच वेळ तुमच्या वर्गातल्या मुलांना द्या. गाणाऱ्यांबरोबर ऑर्गन आणि तबला शिकणाऱ्यांनाही बसवा. सतरा वर्षांच्या नारायणावर किर्लोस्कर मंडळीने नायिकेची भूमिका सोपवली होती. तुमच्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीवरही तेवढाच विश्वास टाका.